कुंभ्याखालची सहा पोती

मे महिना संपत आला होता. मामाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सहा पोती माती आणून अंगणात उतरवली. माती देवाच्या झाडीतली, कुंभ्याच्या झाडाखालची. काळपट, भुसभुशीत, मुठीत धरली की कुजलेल्या पाल्याचा आणि पहिल्या पावसाचा असा मिळून वास येणारी. ती उसात विस्कटायची होती. तिसऱ्या खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर जुन्याच बुडख्यांतून तिसऱ्यांदा फुटलेला, ऊस बारीक पडला होता, नांगराला ढेकळं दगडासारखी लागत होती, आणि कुणीतरी मामाला सांगितलं होतं की खतांनी रानातले जंतू मेलेत, झाडीतले आणून सोड.

मामी पोत्यांना हात लावायला तयार नव्हती. "तिथलं वाळकं लाकूड कोण आणत न्हाई, तुम्ही माती आणलासा," एवढंच म्हणून ती आत गेली.

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. सुट्टीला आजोळी गेलो होतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मामाचा प्रश्न सरळ होता: ह्या मातीतले जंतू उसात जगतील की नाही? मी त्याला म्हटलं, पावसाळा संपेपर्यंत पोती गोठ्याच्या वळचणीला ठेव, तोवर बघू. पुढे दीड वर्ष आम्ही जे बघितलं, ते इथे लिहून काढलं आहे.

एक जमीन, चार तुकडे

गाव खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या वाटेवरचं. अजून पश्चिमेला गेलं की कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, आणि तिच्या पलीकडे भीमगडचं जंगल. माती तांबडी, जांभ्यावरची. पाऊस धो-धो, त्यामुळे चुनखडीचा अंश हजारो वर्षांत धुऊन गेलेला आणि माती आंबट झालेली. ह्याच जिल्ह्यात निपाणीकडे गेलं की बसाल्टवरची काळी, चिकट, अल्कधर्मी माती लागते. शंभर किलोमीटरच्या आत दोन वेगळी जगं आहेत, आणि जिवाणूंच्या बाबतीत ह्या फरकाला फार महत्त्व आहे. ते पुढे येईल.

मामाच्या जमिनीची कहाणी ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरासारखीच आहे. पणजोबांच्या आधी सगळीकडे झाडी होती. मग कुमरी झाली: झाडोरा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणा टाकायचा, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची. पुढे सरकारने कुमरीला आळा घातला तसा नाचण्याचा माळ एका जागी थांबला. आजोबांनी ओढ्याकडची जमीन बांध घालून भाताला केली. मामाच्या तरुणपणी नाचण्याच्या टेकावर काजू आला. आणि आठ वर्षांपूर्वी, ओढ्यावर मोटर बसल्यावर, भातातला एक एकर उसाला गेला.

म्हणजे आज त्याच्याकडे एकाच मूळ मातीचे चार तुकडे आहेत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर: झाडी, काजू, भात, ऊस. अभ्यासकाला असा योग सहसा मिळत नाही. माती, पाऊस, उतार जवळपास तेच. बदललं आहे ते माणसाने तिथे काय केलं एवढंच. अर्थात पूर्ण सारखे ते नाहीत. भाताला खोलगट जागा निवडली गेली आणि झाडी राहिली ती खडकाळ म्हणून राहिली, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

कापड पुरलं

मातीचं आरोग्य दाखवणारं कार्ड मामाकडे आहे. कार्ड कन्नडमध्ये, नातू वाचून दाखवतो. २०१५ साली सुरू झालेल्या ह्या योजनेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू (म्हणजे पीएच, माती किती आंबट किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कामाचं कार्ड आहे. पण मातीत कोण राहतं, हा रकाना त्यात नाही.

म्हणून आम्ही गावठी मार्ग धरला. मामीने मांजरपाटाचे वीतभर लांबीचे आठ तुकडे कापून दिले. आर्द्रा नक्षत्रात, जमीन चांगली मुरल्यावर, प्रत्येक तुकड्यात दोन-दोन पुरले, चार बोटं खोल, शेजारी बांबूची खुंटी. सुती कापड म्हणजे निव्वळ सेल्युलोज. ते खाणारे जिवाणू आणि बुरशी जितक्या जोमात असतील तितकं ते लवकर विरतं. शेजारी बांध घालणारा गडी हटकून विचारायचा, "काय करूलास रे?" मी म्हणायचो, कापड पेरतोय.

नारळी पौर्णिमेनंतर उकरलं. काजूतलं एक रानडुकरांनी आधीच उकरून टाकलं होतं.

झाडीतल्या कापडाची जाळी झाली होती. धागे धरून वर उचललं तर अर्धं खालीच राहिलं, आणि उरलेल्या अर्ध्यातून पांढऱ्या बुरशीचे तंतू आणि केसाएवढी मुळं आरपार गेली होती. भातातलं कापड जवळजवळ अखंड, फक्त काळं-निळं पडलेलं आणि कुजक्या अंड्याच्या वासाचं. चिखलात हवा नाही, तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी लोह आणि गंधकावर श्वास घेतात आणि सेल्युलोज सावकाश खातात. काजूतलं ठिगळ-ठिगळ विरलेलं.

आणि उसातलं? ते झाडीइतकंच विरलं होतं. थोडं जास्तच, खरं सांगायचं तर.

मामाने दोन्ही जाळ्या तळहातावर शेजारी-शेजारी धरल्या. "मग माझं रान बरं हाय की," तो म्हणाला.

खरं म्हणजे मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण त्या क्षणी मला बरं वाटलं ते वेगळ्या कारणाने: "रासायनिक खताने जंतू मरतात" हे जे छापील पत्रकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सर्रास फिरतं, त्याचं उत्तर मामाच्या हातात होतं. युरिया पडलेल्या ओलसर जमिनीत सेल्युलोज खाणाऱ्यांना नत्राची ददात नसते. ते भुकेले असतात कार्बनचे, आणि आम्ही कापडाच्या रूपाने कार्बन पुरला होता. जंतू मेलेले नव्हते. घर भरलेलंच होतं. प्रश्न असा होता की त्यात आता कोण राहतंय.

संख्या कुठे फसवते

चिमूटभर मातीत, म्हणजे एका ग्रॅममध्ये, कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांचे हजारो प्रकार. प्रयोगशाळेच्या बशीत ह्यातले फार थोडे वाढतात, म्हणून कितीतरी दशकं आपण मातीकडे किल्लीच्या भोकातून बघत होतो. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांची वंशावळ लावून दाखवली, आणि त्याच धाग्याने पुढे मातीतला डीएनए थेट वाचता येऊ लागला. जिवाणू वाढवायची गरजच राहिली नाही.

तेव्हापासून जंगल तोडून शेती केल्यावर काय होतं हे जगभर तपासलं गेलं. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातल्या कामाची, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या. ॲमेझॉनचं जंगल तोडून-जाळून तिथे गुरांची कुरणं केलेली. अपेक्षा अशी की कुरणातल्या मातीत जिवाणूंचे प्रकार कमी भरतील. निघाले जास्त. एका जागेची माती घ्या, जंगलापेक्षा कुरणात विविधता अधिक. पण एका कुरणाची माती दुसऱ्या कुरणाशी ताडून बघितली तर दोन्हीत तेच ते प्रकार. जंगलात मात्र एका जागेचं दुसरीशी जुळत नव्हतं. जे जिवाणू फक्त ठरावीक जागीच होते, ते कुरणांत नाहीसे झाले होते. सगळीकडे जगू शकणारे पसरले होते.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या भागातल्या बियाण्यांची आठवण झाली. आजीच्या वेळी प्रत्येक शिवारात भाताचं निराळं वाण, आता दुकानातून एकाच पिशवीतलं बी सगळ्यांकडे. एकेका शेतात पीक जोमाचंच असतं, पण दहा गावं फिरलात तरी नवीन काही दिसत नाही.

ह्याला सामूची जोड द्यायला हवी. २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिवाणूंची विविधता कशावर ठरते? उष्णतेवर नाही, पावसावर नाही, झाडांच्या संख्येवर तर नाहीच. सामूवर. सामू ७ च्या आसपास असेल तिथे सर्वाधिक, आंबट मातीत कमी. त्या यादीत सर्वांत आंबट आणि सर्वांत कमी विविधतेची माती होती पेरूतल्या ॲमेझॉनची, जिथे वरती झाडांची गर्दी आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात जमिनीचा एक पट्टा आहे, जुन्या काळी चुना कमी-जास्त पडल्यामुळे एका टोकाला सामू ४ आणि दुसऱ्या टोकाला ८ च्या वर गेलेला. तिथे आंबट टोकाकडून दुसरीकडे चालत गेलं की जिवाणूंची विविधता जवळपास दुप्पट होते.

आता हे खानापूरला लावा. झाडीतल्या मातीचं पाणी सामूच्या कागदावर पिवळट-नारिंगी उमटलं, उसातल्याचं हिरवटकडे झुकलेलं. युरिया खरं तर माती आंबट करतो. पण मामाने अधूनमधून चुना टाकलाय, साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी, टाकलीय आणि दरवर्षी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळलंय. राख अल्कधर्मी असते. तेव्हा उसातल्या एका ग्रॅम मातीत झाडीपेक्षा जास्त प्रकार भरले, तर त्यात नवल नाही. तसं पाहिलं तर निपाणीची तंबाखूची काळी माती आमच्या देवराईला ह्या मोजणीत सहज मागे टाकील. ज्याने फक्त आकडा मागितला त्याला उत्तर मिळेल की झाडी तोडा, विविधता वाढेल. इतकं धोक्याचं उत्तर देणारा आकडा एकटा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय मातीतला डीएनए सगळा जित्या जिवाणूंचाच असतो असंही नाही. २०१६ च्या एका कामात दिसलं की तो सरासरी ४० टक्के मेलेल्यांचा असतो, मातीच्या कणांना चिकटून राहिलेला. म्हणजे गावची खानेसुमारी करताना मेलेल्यांची नावंही यादीत धरायची. जमीन बदलल्यावर पहिली काही वर्षं जुन्या रहिवाशांची सावली त्यामुळे रेंगाळते.

पाण्याचे पेले

मग उसात बिघडलंय काय? त्यासाठी मामीकडून काचेचे दोन पेले घेतले. सावलीत वाळवलेलं सुपारीएवढं ढेकूळ झाडीतलं एकात, उसातलं दुसऱ्यात, अलगद सोडलं. उसातल्या ढेकळाने बुडबुडे सोडले, कडा सुटल्या, आणि चहा होईपर्यंत तळाशी लाल गाळ बसला. झाडीतलं ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसंच होतं. पाणी नितळ.

हा फरक डिंकाचा आहे. जिवाणू स्वतःभोवती चिकट साखरी लेप करतात, बुरशीचे तंतू कणांना गुंडाळतात, आणि मातीचे रवे बनतात. रव्यांच्या मधल्या फटीत हवा आणि पाणी दोन्ही राहतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो हाच. बी उगवायला वाफसा लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिवाणूंनाही तो लागतो, आणि तो धरून ठेवायला तेच लागतात. नांगरटीने तंतू तुटतात. पाचट जाळलं की सावकाश खायचं अन्न संपतं. उरतं ते भरभर खाऊन भरभर वाढणाऱ्यांचं राज्य. आमचं कापड इतक्या झपाट्याने विरलं त्यामागे बहुधा हेच होतं.

त्याच्याच जोडीला नत्राचं गणित. झाडीत पाल्यातून सुटलेला नत्र तिथल्या तिथे मुळं आणि बुरशी उचलतात. उसात युरियाचा अमोनिया होतो, आणि जिवाणूंची एक जोडी त्याचं पुढे नायट्रेट करते. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे कण त्याला धरत नाहीत. आमच्याकडच्या आषाढातल्या पावसात ते ओढ्यात जातं, ओढा मलप्रभेला. मामा खताचे पैसे भरतो आणि त्यातला वाटा नदीला जातो. कष्टाचा पैसा असा जाताना बघून जीव तुटतो.

मसूर

ह्या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, ती मामीच्या एका वाक्यातून सापडली. जेवताना आमटी वाढताना ती म्हणाली, "ऊस झाल्यापासनं मसूर दुकानातनं आणतोय."

भात निघालं की त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा टाकायची ह्या भागाची जुनी रीत. ह्या पिकांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात आणि हवेतला नत्र तिथे बांधला जातो. पीक नसताना हे जिवाणू मातीत कसेबसे दिवस काढतात. पुढच्या हंगामाचं मूळ दिसलं की पुन्हा संख्या वाढते. ऊस बारा महिने उभा असतो. आठ वर्षं त्या एकरात मसुराचं एक मूळ गेलं नव्हतं.

मार्गशीर्षात आम्ही सहा कुंड्या भरल्या, तीन भातातल्या मातीच्या, तीन उसातल्या, आणि सगळ्यांत घरचाच मसूर टाकला. फुलोऱ्याच्या सुमारास रोपं पाण्यात धुऊन मुळं बघितली. भातातल्या मातीतल्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठींचे झुपके. नखाने फोडली तर आत गुलाबी, रक्तासारखी, आणि हा रंग खरोखर रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या पदार्थाचाच. उसातल्या मातीत दोन रोपांना मोजक्या गाठी, तिसऱ्याला एकही नाही. ज्या होत्या त्याही आतून पांढरट.

उतावीळ होऊन निष्कर्ष काढू नये म्हणून हेही सांगतो: जमिनीत नत्र मुबलक असला तर मसूर स्वतःच गाठी धरायचं टाळतो. तेव्हा रायझोबियम संपले, असं ह्यावरून म्हणता येत नाही. घटले असतील किंवा बेकार बसले असतील. पण मामाला जे दिसायचं ते दिसलं. गाठ फोडून गुलाबी रंग तो लहानपणापासून बघत आला होता, फक्त त्याला जिवाणू म्हणतात हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुंडीतली मुळं बोटांनी चाचपत तो बराच वेळ बसला.

पोत्यांचा हिशोब

आता मूळ प्रश्न. एका एकरातली वरची १५ सेंटीमीटर माती ढोबळ मानाने ९०० टन भरते. सहा पोती म्हणजे फार तर ३०० किलो. तीन हजारांत एक. तेवढ्यानेही भागलं असतं, जिवाणू वाढायला वेळ लागत नाही. पण डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ सालीच मांडलं होतं की सूक्ष्मजीव तसे सगळीकडे पोहोचतात, कोणी टिकायचं ते परिस्थिती निवडते. कुंभ्याखालचे जिवाणू सावलीत, आंबट मातीत, सावकाश कुजणाऱ्या पाल्यावर वाढलेले. त्यांना उघड्या उन्हात, चुना-राखेच्या जमिनीत, युरियाच्या पाण्यात सोडलं तर हंगाम संपायच्या आत तिथे पुन्हा उसाचीच वस्ती दिसेल. नेदरलँड्समध्ये झुडपी माळाची माती पसरून जुनी शेतजमीन पुन्हा माळावर आणल्याची उदाहरणं आहेत, पण जिथे जुना वरचा थर आधी काढला तिथे ते चांगलं जमलं, आणि तिथे पुढे शेती केली नाही. मसुराच्या बियाण्याला रायझोबियम चोळणं चालतं, कारण त्या जिवाणूला राहायला मूळ तयार असतं. जागा आणि अन्न आधी, वस्ती मागून येते.

मामाने मान डोलावली, पण वाद घातला. पाचट जाळलं नाही तर उंदीर होतात, खोडव्याला कोंब यायला अडतं, गडी मिळत नाही. तिन्ही खरं आहे. शेवटी जे ठरलं ते असं: पाचट एकाआड एक सरीत दाबायचं, जाळायचं नाही. खोडवा तिसऱ्याला मोडायचा, चौथा घ्यायचा नाही. मोडल्यावर लगेच लावण न करता पावसाळ्यात ताग पेरून फुलोऱ्यात गाडायचा, आणि मागाहून एक हिवाळा मसूर. चुना बंद नाही, पण अंदाजाने नाही, कार्डावरचा सामू बघून.

ताग गाडला त्याच्या पुढच्या पौषात मी तिथलं ढेकूळ पेल्यात टाकलं. ते सुटलंच, पण जेवण होईपर्यंत उभं होतं. मसूर दहा गुंठ्यांवर आहे. गाठी आहेत, भातातल्याइतक्या नाहीत, पण फोडल्या त्यातल्या बऱ्याच गुलाबी निघाल्या. ऊस अजून लावायचा आहे, त्यामुळे उताऱ्याचं काही लिहीत नाही.

शेजारच्या रानाचं मात्र सांगायला हवं. खानापूर विटांसाठी ओळखलं जातं, आणि त्या शेतकऱ्याने भाताची वरची हातभर माती भट्टीला दिली. मुलीचं लग्न होतं, मी त्याला दोष देत नाही. पण मातीतली बरीचशी जिवंत हालचाल वरच्या वीतभरात असते. झाडीचं काजू झालं, भाताचा ऊस झाला, तरी वस्ती बदलते, उजाड होत नाही. इथे वस्तीच ट्रकात भरून गेली. खाली उरलेल्या पिवळ्या थरावर दोन पावसाळे नीट गवतही धरलेलं नाही. जमीन वापरण्यातल्या बदलांविषयी बोलताना हे सगळे बदल एका मापाने मोजले जातात, त्याचं मला वाईट वाटतं.

आणि पोती. कापडं पुरायला आषाढात झाडीत गेलो होतो तेव्हा मामाने जिथून माती काढली ती जागा बघितली होती. खोऱ्याने ओरबाडलेल्या खळग्यात पाणी साठलेलं, कडेने काळी माती धुऊन गेलेली, तळाला जांभा उघडा, आणि कुंभ्याची मुळं हातभर हवेत. झाडीत काळी माती होती तीच मुळी चार बोटांची. तेव्हा मामा काही बोलला नाही. उसाची तोड संपल्यावर एका सकाळी गोठ्याच्या वळचणीची पोती दिसली नाहीत. मामी म्हणाली, पहाटेच गाडी जुंपून गेलेत. दुपारी मी झाडीत गेलो. खळगा भरला होता, वरून पाला पसरला होता, आणि गुरं शिरू नयेत म्हणून करवंदीची काटेरी डहाळी आडवी टाकली होती.